कंपनीचं घर पाहायला

मुलीला करिअर मेळाव्याला नेताना सोबत किती माणसं न्यावीत, याबद्दल कॉलेजच्या सूचनेत काहीही लिहिलेलं नव्हतं. तारीख होती, वेळ होती, 'नीटनेटक्या पोशाखात यावे' असंही होतं. माणसांबद्दल अवाक्षर नव्हतं. पंचायत समितीत इतकी वर्षं काढल्यावर मी एवढं शिकलोय की जिथे मनाई लिहिलेली नाही तिथे परवानगी आहे असं समजावं, आणि पुढे काही अंगाशी आलं तर सूचना काढणाऱ्याकडे बोट दाखवावं. तेव्हा यवतमाळच्या त्या मंगल कार्यालयात जे घडलं त्याला सूचना काढणाराच जबाबदार आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

हो, मेळावा मंगल कार्यालयातच होता. मोठा हॉल दुसरा मिळाला नसावा. पण एकदा मंगल कार्यालय म्हटलं की आमच्या पांढरकवड्याच्या माणसाचं डोकं आपोआप एका दिशेनं चालायला लागतं. बबनरावांचं तर फारच.

बबनराव आमचे शेजारी. शेती मुकुटबनकडे, राहायला इथे, आणि जीव सगळा सोयरिकींत. कुणाच्या घरी मुलगी लग्नाची झाली की बबनरावांना आधी कळतं, आईबापांना नंतर. मुलाचं घर पाहायला जाताना त्यांना नेलं नाही तर ती सोयरीक अर्धवट समजतात. आधी स्वतः बबनराव, मग बाकीचे. घर पाहण्याचे त्यांचे काही दंडक आहेत. पहिला, रिकाम्या हातानं जायचं नाही. दुसरा, पोरांशी बोलायचं नाही, मोठ्यांशी बोलायचं. आणि तिसरा, सगळ्यात कडक, घर पसंत पडेपर्यंत तिथलं पाणी प्यायचं नाही. पाणी प्यायलं म्हणजे होकार दिला. या दंडकापायी भर उन्हात कोरड्या घशानं तीन-तीन घरं पाहून आलेली माणसं मी पाहिली आहेत.

आमच्या निकिताचं प्रकरण मात्र लग्नाचं नव्हतंच. ती बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. मी तिच्यासाठी यवतमाळच्या एका स्पर्धा परीक्षेच्या क्लासमध्ये जागा सांगून ठेवली होती. तलाठ्याची तयारी करायची, कॉलेज जमेल तसं करायचं. क्लास सोमवारी सुरू होणार होता. निकितानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, शनिवारी कॉलेजचा मेळावा आहे. मले एकदा पाहू द्या. तठी काहीच पटलं नाही तर सोमवारी क्लासले जाते, तोंडातून शब्द काढत नाही."

मी लगेच हो म्हटलं. आमच्या घरात 'पटणं' हा मोठ्या माणसांचा प्रांत आहे, त्यामुळे सौदा माझ्याच फायद्याचा होता. फक्त ही गोष्ट मी कुंपणाजवळ उभं राहून बबनरावांना सांगायला नको होती.

"म्हंजे पोरगी कंपनीत देऊन राह्यले तुम्ही," ते म्हणाले.

"देत नाही हो, नुसतं पाहायला चाललो."

"तेच म्हनतो न मी. दिवसभर पोरगी तठीच राहीन का नाही? त्यायचं ऐकीन का नाही? मंग घर पाह्यल्याशिवाय कशी देता? चार मोठे मानसं पाह्यजेत."

मी चार माणसं नकोत म्हणून सांगणार होतो. तेवढ्यात त्यांनी माझ्या थोरल्या बहिणीला फोन लावलासुद्धा.

इंदुताई फुलसावंगीला दिलेली. शुक्रवारी संध्याकाळी ती एसटीनं हजर, सोबत चिवड्याचा डबा. "कंपनी झाली म्हनून काय झालं? कोनाच्या दारी रिकाम्या हातानं कायले जावं?" निकितानं डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी पेपर वर धरला.

शनिवारी सकाळी हबीबभाईंच्या गाडीत आम्ही निघालो. हबीबभाईंचं गॅरेज आहे आणि आमचे सगळे शुभ-अशुभ प्रवास त्यांच्याच गाडीतून होतात. मी पुढे, मागे बबनराव, इंदुताई आणि मधे निकिता, जिनं बसल्यापासून कानात ते मोबाईलच्या गाण्याचं बोंडूक घालून घेतलं होतं. ऑक्टोबर तापला होता. दोन्हीकडे कापूस फुटला होता, वेचणीवाल्या बाया कमरेला ओट्या बांधून शेतात उतरल्या होत्या. बबनरावांनी वाटेत मला काय काय विचारायचं ते पाठ करून घेतलं. कंपनी कुणाची, मूळ गाव कोणतं, मालक किती भाऊ, वाटण्या झाल्या का.

"कंपनीत कुठे वाटण्या असतात?" मी म्हटलं.

"भाऊ, वाटनी नाही झाली त उद्या भाऊ भाऊ भांडतीन आन् आपली पोरगी मधात."

जोडमोह्याला चहा घेताना हबीबभाई हळूच म्हणाले, "साहेब, एक बार लडकी को भी पूछ लेते, उसको क्या देखना है." मी त्यांना म्हटलं, तिला काय कळतं. मग गाडीपर्यंत चालताना मलाच कुतूहल वाटायला लागलं की तिला खरंच काय पाहायचं आहे. पण तोपर्यंत तिनं पुन्हा कानात बोंडूक घातलं होतं.

मंगल कार्यालयाच्या दारात, जिथे एरवी गुलाबपाणी शिंपडतात, तिथे एक मुलगी हातात टॅब घेऊन उभी होती. निकिता आपला मोबाईल दाखवून सरळ आत गेली. आम्हाला टॅबवाल्या मुलीनं अडवलं. "फक्त उमेदवार आत."

"मंग आम्ही बी उमेदवार," बबनराव म्हणाले.

वाटलं होतं ती हसेल. ती हसली नाही. सकाळपासून तिचा उमेदवारांचा आकडा बहुधा कमी भरत असावा. तिनं ताबडतोब आमची नोंदणी सुरू केली. वयाच्या रकान्यात पस्तीसच्या पुढे काही निघेचना, म्हणून आम्ही तिघंही पस्तीस वर्षांचे झालो. इंदुताईला ते फार आवडलं. 'कौशल्य' या रकान्यात बबनरावांनी सोयरीक जुळवणे असं सांगितलं आणि त्या मुलीनं ते टाइप केलं. माझ्या बाबतीत अडचण निराळीच होती. मी शासकीय सेवेत आहे. दुसरीकडे नोकरीचा अर्ज करायचा तर कार्यालयाचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. मी ते त्या मुलीला समजावून सांगायला लागलो, तर ती म्हणाली, "काका, मागे लाइन थांबली आहे."

माझ्या फोनची बॅटरी संपली होती, म्हणून मी घरचा, म्हणजे सौ.चा नंबर दिला. ओटीपी तिच्याकडे गेला. दारापर्यंत सोबत आलेल्या हबीबभाईंच्या फोनवरून मी तिला फोन केला.

"मी जीवन बोलतोय. तुझ्याकडे आत्ता एक नंबर आला असेल, तो सांग."

"कोणालेच सांगू नका म्हणून लिहिलं आहे त्यात."

"अगं, मी तुझा नवरा."

"सगळे असंच बोलतात. लग्नाची तारीख सांगा."

मी सांगितली. "चुकली," ती म्हणाली, "म्हणजे तुम्हीच आहात." आणि तिनं ओटीपी दिला. हा सगळा संवाद स्पीकरवर झाला होता. रांगेतली पोरं माझ्याकडे पाहत होती. मी गळ्यात उमेदवाराचा बिल्ला अडकवला आणि ताठ मानेनं आत शिरलो, निदान तसा प्रयत्न केला.

आत स्टॉलच स्टॉल. फुगे, फलक, टाय घातलेली पोरं. आणि मुलांची ही गर्दी. खरं सांगायचं तर मी चकित झालो. जगात नोकऱ्या तीन प्रकारच्या असतात असं मला आजवर वाटत होतं, सरकारी, शिक्षकाची आणि मिळाली नाही म्हणून केलेली. इथे फलकांवर जी नावं लिहिली होती त्यातल्या अर्ध्या नोकऱ्या म्हणजे माणूस दिवसभर नेमकं काय करतो, हे मला कळेना. विचारावंसं वाटत होतं. पण बबनराव पुढे होते.

पहिल्याच स्टॉलवर त्यांनी खुर्च्या ओढल्या आणि आम्ही बसलो. निकिता उभी. समोरच्या मॅडमनी तिला काही सांगायला सुरुवात केली तर बबनराव म्हणाले, "पोरीशी नंतर बोला. आधी मोठ्यायशी." मग मला कोपरानं ढोसलं. मी पाठ केलेलं होतं तेच विचारलं. "मालक किती भाऊ? वाटण्या झाल्या का?"

मॅडमचा पेन हातातच राहिला. आजूबाजूची मुलं वळून पाहायला लागली. कुणीतरी हसलं. मी निकिताकडे पाहिलं, तिचा चेहरा लाल झाला होता. मॅडमनी सावरून पाण्याच्या बाटल्या पुढे केल्या, तर आम्ही तिघांनी एकदम हात आडवे केले, जणू विष देतायत. मी पुन्हा वळलो तेव्हा निकिता तिथे नव्हती.

तिला शोधावं म्हणून उठलो, तर वाटेत मलाच धरलं. पियुष नावाचा एक टायवाला पोरगा. त्यानं माझा बिल्ला पाहिला, टॅब पाहिला. "या सर, बसा. पस्तीस ना?" मी हो म्हटलं, आता काय करणार.

"पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?"

"निवृत्त," मी म्हटलं. हे अगदी खरं उत्तर होतं.

त्यानं काहीतरी लिहिलं. "बरं, तुम्हाला काय करायला आवडतं? मनापासून?"

मी मनात यादी करायला लागलो. टिप्पणी लिहिणं? आवक-जावक? हा प्रश्न मला शाळेत कुणी विचारला नव्हता, नोकरी लागताना विचारला नव्हता, लग्न ठरताना तर नाहीच नाही. मी छताला लटकवलेली झुंबरं पाहत बसलो. पियुषनं बराच धीर धरला, मग माझ्याशी हात मिळवला. "ठीक आहे सर. आम्ही कळवू."

'आम्ही कळवू' म्हणजे काय, हे पंचायत समितीच्या माणसाला कुणी सांगायला लागत नाही. जी नोकरी मला नकोच होती तिनं मला नाकारलं होतं, आणि तरीही ते मला लागलं. चांगलंच लागलं. दुसऱ्या स्टॉलवर इंदुताईची मुलाखत रंगात आली होती. फोनवर ग्राहकांशी बोलायची नोकरी होती आणि ती साहेबालाच विचारत होती की दिवसभर बोलायचं तर पगार कशाचा. साहेब तिला कंपनीत यायला आर्जवं करत होता. माझ्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही.

घसा कोरडा पडला होता. टेबलाटेबलावर गार बाटल्या ठेवलेल्या. बबनराव पंख्याखाली बसून ओठ चाटत होते, पण दंडक मोडायला तयार नव्हते.

निकिता सापडली ती हॉलच्या मागच्या बाजूला, जिथे लग्नात ताटं धुतात तिथे. तिथे एकच स्टॉल होता, फुग्यांशिवाय. टेबलावर कापसाचे पुंजके मांडलेले आणि मागे प्रेरणा मॅडम नावाची एक बाई. नागपूरच्या एका प्रयोगशाळेचा तो स्टॉल. कापसाची गाठ गिरणीत जायच्या आधी तिच्या धाग्याची लांबी, जाडी, ताकद तपासायची, हे त्यांचं काम.

मी खांबाआड उभा राहिलो, कारण मला जे ऐकू येत होतं त्यावर माझा विश्वास बसेना. घरी मी काही विचारलं तर 'हं' म्हणणारी माझी मुलगी प्रश्नावर प्रश्न विचारत होती.

"मॅडम, एकाच शेतातल्या पहिल्या वेच्याचा आणि शेवटच्या वेच्याचा धागा वेगळा निघतो का? आणि हे मशीन खोटं सांगत असेल तर तुम्हाले कसं कळते? मशीनची खोली बंद कायले ठेवता?"

"दमट हवेत कापूस वेगळा वागतो," मॅडम म्हणाल्या. "म्हणून खोलीतली हवासुद्धा सारखी ठेवावी लागते. हे दोन पुंजके धर. डोळे मिट. कोणता लांब धाग्याचा?"

निकितानं डोळे मिटले. बोटांनी ओढून पाहिलं. "हा."

"चुकलं," मॅडम म्हणाल्या.

"काहून चुकलं?" माझी मुलगी नाराज झाली नाही. तिनं डोळे उघडले, पुढे वाकली, आणि तिला खरंच जाणून घ्यायचं होतं की काहून चुकलं. मी तिला असं पुढे वाकलेलं बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. लहान असताना ती सरकी काढतात त्या जिनिंगच्या दारात उभी राहायची आणि हा कापूस पुढे कुठे जातो म्हणून विचारायची. मी म्हणायचो, जातो कुठेतरी. मलाही ते ठाऊक नव्हतं.

मी खांबाआडून बाहेर आलो आणि मॅडमना विचारलं, "पुढे कुठे जातो हो?" निकितानं मला पाहिलं आणि तिचा चेहरा पडला, आता भाऊ आणि वाटण्या निघणार म्हणून. मी खुर्ची न ओढता उभाच राहिलो आणि मॅडम सांगतील ते ऐकत राहिलो.

तेवढ्यात माग काढत बबनराव आणि इंदुताई आलीच. कापूस पाहून बबनरावांचे हात शिवशिवले. त्यांनी पुंजका उचलला, ताणला, हुंगला, आणि आपला कापूस व्यापारी हलका का ठरवतो यावर दहा-एक मिनिटं चौकशी केली. मला वाटलं जमलं. पण शेवटी ते मूळ पदावर आलेच.

"नोकरी कायम हाय?"

"नाही. परीक्षा झाल्यावर एक वर्ष शिकाऊ म्हणून. नंतर काम पाहून," मॅडम म्हणाल्या.

बबनरावांनी डोळे मिटले. याचा अर्थ सबंध पांढरकवड्याला ठाऊक आहे. घर नापसंत.

"आणि घ्यायच्या आधी आम्ही उमेदवाराला एक दिवस बोलावतो," मॅडमनी पुढे सांगितलं. "प्रयोगशाळा पाहायची, काम पाहायचं, मग तिनं ठरवायचं. निकिता, तू सोमवारी येऊ शकशील? मात्र एकटी ये. आत जास्त माणसं आली की हवा बिघडते."

"सोमवारी क्लास हाय तिचा," बबनराव म्हणाले. "आन् घर मोठे मानसं पाहतात. पोरगी कधी पाहते काय? चला भाऊ. क्लासच बरा."

निकितानं माझ्याकडे पाहिलं. तिनं शब्द दिला होता. तिनं हातातला पुंजका टेबलावर ठेवला, पण बोटं त्याच्यावरून उचलली नाहीत. मी बापासारखं काहीतरी ठाम बोलावं म्हणून शब्द जुळवत होतो. ते जुळले असते की नाही, मला शंका आहे.

इंदुताई खुर्चीवर बसली. "माह्यं घर पाहाले तुमीच गेलते न बबनराव?"

"गेलतो न. मी, तुह्ये बाबा, काका. चांगलं पाहून आलतो. बैलजोडी पाह्यली, विहीर पाह्यली."

"विहीर पाह्यली, पन दोर किती लांब लागते ते नाही पाह्यलं," ताई म्हणाली. आवाज चढवून नाही, चिवड्यात मीठ कमी आहे म्हणावं तसं. "तीस वर्सं पानी मी वढलं. तुमी तिघं जनं पाहून आले आन् राह्यली मी. मले कोनी एक डाव नेलं असतं त मी दोर पाह्यला असता."

ताईनं डब्याचं झाकण काढलं, चिवडा प्रेरणा मॅडमच्या पुढे सरकवला आणि म्हणाली, "बाई, पानी आहे काय व?"

बबनराव अर्धे उठले. "इंदुताई..."

मॅडमनी बाटली दिली. ताईनं ती तोंडाला लावली आणि सावकाश, सगळ्यांच्या देखत, शेवटच्या थेंबापर्यंत रिकामी केली. मग पदरानं तोंड पुसलं. "सोमवारी पोरगी जाईन. पाहून येईन. नाही पटलं त येईन वापस, मंगळवारपासून क्लास करीन. जीवन, काय म्हनतं?"

मी दुसरी बाटली उचलायला हात पुढे केला, तर ताईनं माझा हात खाली ठेवला. "तू नको पिऊ. तुले कुठी राहाचं हाय तठी?"

परतीच्या वाटेवर बबनराव खिडकीतून कापूस पाहत होते. जोडमोह्याला मात्र त्यांनी तांब्याभर पाणी एका दमात संपवलं आणि हबीबभाईंना विचारलं, धाग्याची लांबी घरी मोजायची काही सोय असते का.

सोमवारी सकाळच्या गाडीनं निकिता नागपूरला गेली. मी स्टँडवर सोडायला गेलो, खिडकीशी उभा राहिलो, सूचना करायच्या होत्या पण एकही सुचली नाही. तेव्हा मी फक्त म्हटलं, "नीट पाह्य." ती हसली. कानात काही घातलेलं नव्हतं.

ऑफिसात माझं कशात लक्ष नव्हतं. शिपायानं नेहमीसारखा पाण्याचा ग्लास आणून ठेवला, तो मी तसाच ठेवला. का ठेवला ते विचारू नका. दुपारी तिचा फोन आला. मागे कसलं तरी मशीन घरघरत होतं.

"कसं आहे?" मी विचारलं.

"बाबा, मालक दोघं भाऊ आहेत," ती म्हणाली. "वाटण्या झाल्या. मी विचारलं."

"लोक हसले का?"

"हसले. मग म्हणे, हे आजवर कोणी विचारलंच नव्हतं. लहान्या भावाच्या वाटणीले प्रयोगशाळा आली आहे, त्याले कापसातलं कळते."

"आणि पाणी?"

"अजून नाही. आतली खोली पाहायची राह्यली. ठेवते."

मी फायली पुढे ओढल्या, मागे सारल्या. चारच्या सुमारास मोबाईल वाजला. तिनं एक फोटो पाठवला होता, खाली एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. पांढऱ्या टेबलावर ठेवलेला स्टीलचा ग्लास, रिकामा. मी माझा ग्लास उचलला आणि पिऊन टाकला. पाणी कोमट झालं होतं.